श्रद्धेच्या रकान्यात ‘निरंक’: एका निरीश्वरवादी रुग्णाची अखेर आणि त्यानंतरचे तेरा दिवस

हे प्रकरण कशासाठी

मी मुंबईत घरपोच उपशामक सेवा देणाऱ्या एका पथकात समाजसेविका आहे. बरा होणार नाही असा आजार असलेल्या माणसाच्या घरी जायचं, वेदना, दम, जखमा आटोक्यात ठेवायच्या आणि घरातल्यांनाही धरून ठेवायचं, हे आमचं काम. सोळा वर्षांत मृत्यू पुष्कळ पाहिले. त्यातलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण यात आमच्या हातून चुका झाल्या आणि त्या औषधांच्या नव्हत्या.

नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथे अण्णा म्हणते, त्यांच्या पत्नीला काकू. लिहून झाल्यावर काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. मी लिहिलं होतं की अण्णा आरतीला हात मागे बांधून उभे राहायचे. काकू म्हणाल्या, “छे, टाळ्या वाजवायचे. ठेका कधी चुकला नाही त्यांचा. तोंड तेवढं बंद.”

पार्श्वभूमी

अण्णा ७८ वर्षांचे, मूळचे सिंधुदुर्गातले. एकोणिसाव्या वर्षी लालबागच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले, लाल बावट्याच्या युनियनमध्ये वाढले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा घरात दोन लहान मुलं आणि गावी म्हातारे आईवडील होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. अण्णा परत गिरणीत गेले नाहीत. गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले ते साठीपर्यंत तिथेच होते. चाळ पडून टॉवर उभा राहिल्यावर अकराव्या मजल्यावर राहायला आले. मुलगा ठाण्याला. मुलगी मुलुंडला, शाळेत शिक्षिका, एकटी राहणारी, वडिलांच्याच विचारांची.

देव त्यांनी बाविसाव्या वर्षी सोडला. कुठल्या रागातून नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पुरावा मागितला, मिळाला नाही. विषय संपला.” हे इथे नोंदवते, कारण आमच्या पथकातल्या निम्म्या लोकांची समजूत अशी की नास्तिक म्हणजे एक तर देवावर रुसलेला, नाही तर गर्विष्ठ. अण्णा दोन्ही नव्हते. इमारतीच्या गणेशोत्सव मंडळाचे ते अकरा वर्षं हिशेबनीस होते. “देवावर विश्वास नाही, पावत्यांवर आहे,” असं म्हणायचे. काकूंच्या देवघरासाठी दर गुरुवारी दादरच्या फुलबाजारातून झेंडू आणि तुळशीची जुडी तेच आणायचे.

‘नास्तिक’ या शब्दावर मात्र त्यांचं मुद्रितशोधकाचं मन अडायचं. पूर्वी हा शब्द वेद न मानणाऱ्यांना लावत. म्हणून सृष्टीचा कर्ता ईश्वर न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिकांच्या पंगतीत बसले, आणि बौद्ध, जैन, चार्वाक बाहेर. “मला निरीश्वरवादी म्हणा, लांब आहे पण अचूक आहे.” आगरकरांचा त्यांना फार आदर, पण आगरकर अज्ञेयवादी होते, आपण त्यांच्या एक पाऊल पुढे, र. धों. कर्व्यांच्या बाजूला, असं हसत सांगायचे.

रुग्णालयात पहिल्यांदा नाव नोंदवताना त्यांनी धर्माचा रकाना रिकामा ठेवायला सांगितला. संगणक रकाना रिकामा सोडेना. अण्णांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेलं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला होता की आपला कोणताच धर्म नाही असं म्हणायचा हक्क राज्यघटनेच्या २५व्या कलमातच आहे आणि सरकार कोणावर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. मागे रांग वाढत होती. कारकुनाने ‘इतर’ निवडलं. अण्णांनी तडजोड मान्य केली. २०११ च्या जनगणनेत देशभरातून जेमतेम तेहतीस हजारांच्या आसपास लोकांनी स्वतःला नास्तिक म्हणवलं होतं. त्यात अण्णा नव्हते, कारण त्यांच्या दारात आलेल्या बाईंनी न विचारताच ‘हिंदू’ लिहून टाकलं होतं. वारसा कायद्याच्या लेखी मात्र ते हिंदूच होते. हिंदू घरात जन्मलेल्याने देव सोडला तरी हिंदू उत्तराधिकार कायदा त्याला सोडत नाही.

आजार फुफ्फुसाच्या कर्करोगाचा, निदान झालं तेव्हा पसरलेला. केमोथेरपी दोन फेऱ्यांनंतर त्यांनीच थांबवली.

पहिली चूक

आमच्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे: ‘धर्म, श्रद्धा व आध्यात्मिक गरजा’. अण्णांनी आपलं मत सांगितलं आणि मी तिथे ‘निरंक’ लिहिलं. त्यांच्या मताचा मान राखला असंच मला तेव्हा वाटलं. खरं तर त्या एका शब्दाने मी पुढचे दोन महिने एक दार लावून टाकलं. देव न मानणाऱ्या माणसालाही शेवटी हिशेब करायचे असतात, माफी मागायची असते, आपण का जगलो हे कोणाला तरी सांगायचं असतं. उलट त्याला घाई जास्त असते. पुढच्या जन्मावर ढकलायची सोय त्याच्याकडे नाही.

अडचणी

पहिली अडचण मुलाने आणली. दाराबाहेर, लिफ्टपाशी. “त्यांना किती दिवस राहिलेत ते सांगू नका. आईचं ठीक आहे, ती देवाचं नाव घेईल. अण्णांना आधार कुठला? कोसळतील.” ही मागणी आमच्याकडे दर दुसऱ्या घरात येते, पण नास्तिक आहेत म्हणून सांगू नका हे कारण मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसरी अडचण कपाटात होती, एका खाकी पाकिटात. पाकिटावर अण्णांनी ‘आगरकर’ लिहिलं होतं. आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा आपल्या दहनापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते असं सांगतात, त्यावरून. आत पाच हजार रुपये, देहदानाचा भरलेला फॉर्म, नेत्रदानाचं कार्ड आणि एक कागद: ‘माझ्या मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये.’ फॉर्मवर जवळच्या नातलगांच्या सह्या लागतात, त्यात मुलाची आणि मुलीची सही होती. काकूंची जागा कोरी. बारा वर्षं कोरी.

मुंबईत देहदान १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली होतं. माणसाने हयातीत लिहून ठेवलेलं असलं तरी व्यवहारात शेवटचा शब्द घरच्यांचा असतो. घरात एकाने रडून विरोध केला तर कुठलंही वैद्यकीय महाविद्यालय पार्थिव ताब्यात घेत नाही, आणि घेऊही नये. म्हणजे अण्णांच्या इच्छेची किल्ली काकूंच्या हातात होती, आणि बारा वर्षांत त्या दोघांनी हा विषय एकदाही काढला नव्हता.

तिसरी अडचण गावाकडची. धाकटा भाऊ. १९८४ मध्ये वडील वारले तेव्हा अण्णा गावी गेलेच नाहीत. क्रिया भावाने केली. तेव्हापासून लग्नकार्याला भेटणं तेवढं राहिलं.

पर्याय आणि पहिले निर्णय

सांगायचं की नाही, यावर आमच्या डॉक्टरांनी वेळ घालवला नाही. त्यांनी अण्णांनाच विचारलं, “तुम्हाला किती माहिती हवी?” अण्णा म्हणाले, “सगळी. प्रूफ तपासणाऱ्याला अर्धं पान देऊन कसं चालेल?” डॉक्टर आठवडे म्हणाले, महिने नाही. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. अण्णा कोसळले नाहीत. चहा मागितला.

पुढच्या भेटीत मी त्यांना मरणाच्या भीतीबद्दल विचारलं. उत्तर लगेच आलं नाही. मग म्हणाले, “साचेखात्यात आवाज इतका की बोलता यायचं नाही. ओठ वाचायचो एकमेकांचे. पाळी सुटली, पट्टे थांबले की एकदम शांत. तो आवाज कुठे गेला असं कधी कोणी विचारलं नाही.” थोडं थांबून, “मरणाची नाही भीती. दम कोंडून मरायची आहे.”

हे उत्तर आमच्या उपयोगाचं होतं. मॉर्फिनचे थेंब, टेबलफॅन थेट चेहऱ्यावर, पलंगाच्या कडेला उशीवर ओणवं बसायची सवय, रात्री फोन करायचा नंबर: दम कोंडण्याच्या भीतीवर एवढं सगळं करता येतं. व्हेंटिलेटर नको असं वैद्यकीय इच्छापत्रही त्यांनी केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. ते काम एका सकाळीत झालं.

काकूंच्या सहीचं मात्र तसं नव्हतं. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. विषयच काढायचा नाही आणि त्या दिवशी जे होईल ते होऊ द्यायचं. मुलगी म्हणत होती तसं, अण्णांच्या बाजूने उभं राहून काकूंचं मन वळवायचं. किंवा दोघांना समोरासमोर बसवायचं आणि आपण गप्प राहायचं. मी तिसरी निवडली, पण निम्मीच पाळली, कारण सुरुवातीलाच मी बोलले: “काकू, त्यांची इच्छा आहे...” काकूंनी मला थांबवलं. “त्यांची इच्छा मला ठाऊक आहे. माझी कोणी विचारली?”

मग त्या अण्णांकडे वळल्या. “तुम्ही म्हणता मेल्यावर काही उरत नाही. मग तुमची इच्छा तरी कुठून उरली?”

अण्णा बराच वेळ हसले, त्यातून खोकला लागला. बरोबर उत्तर आहे, म्हणाले. नंतर सावकाश, मध्ये मध्ये श्वास घेत, जे बोलले ते मी घरी जाऊन लिहून ठेवलं. माझ्यासाठी काही करू नका, मला ते पोचणार नाही. तुला तुझ्यासाठी काही हवं असेल तर कर, भजन कर, लोकांना जेवायला बोलव. पण माझ्या नावाने पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत बसू नका. मी आयुष्यभर जे बोललो ते त्या दोन तासांत खोटं पडेल.

काकू म्हणाल्या, “तुमच्या नावाने नाही तर कोणाच्या नावाने करू?” पण चार दिवसांनी त्यांनी सही केली. का केली, हे मी कधी विचारलं नाही. पेन टेबलावर ठेवताना एवढंच म्हणाल्या की डोळे दिले तर तो माणूस गणपती बघेल.

नोंदवहीतलं एक वाक्य

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात दम वाढला. रात्री तीनच्या सुमाराला काकू पलंगाशेजारी खुर्ची घेऊन बसायच्या आणि हरिपाठ म्हणायच्या, अगदी हळू, पुटपुटल्यासारखा. एका रात्री आमची नर्स तिथे होती. काकू मध्येच थांबल्या तेव्हा अण्णांनी हाताने खूण केली: चालू ठेव. नर्सने सकाळी नोंदवहीत आनंदाने लिहिलं, ‘रुग्ण नामस्मरणाकडे वळला आहे.’

ती नोंद मुलीने वाचली. रात्री साडेदहाला तिचा मला फोन आला, आवाज थरथरत होता. दुसऱ्या दिवशी मी अण्णांनाच विचारलं. त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, “ती म्हणते त्यात ठेका आहे. त्या ठेक्यावर श्वास घेता येतो. पन्नास वर्षं आवाज ऐकतोय तिचा. अर्थाचं काय घेऊन बसलात?” आणि मग, “ते वाक्य खोडा. मी शुद्धीवर आहे.”

आम्ही ते खोडलं आणि खाली खरं काय ते लिहिलं. नर्स चांगली मुलगी आहे, तिला वाईट वाटलं. पण हा निर्णय मला आजही महत्त्वाचा वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने हात हलवला की त्यातून आपल्याला हवं ते वाचायचा मोह सगळ्यांना होतो. उद्या कोणीतरी “शेवटी तेही देवाकडे वळले हो” असं सांगणार आणि त्याला पुरावा म्हणून आमची नोंदवही दाखवणार, हे होऊ द्यायचं नव्हतं.

भाऊ

त्याच सुमाराला, ‘निरंक’ लिहिल्यानंतर दोन महिन्यांनी, अण्णांनी आपणहून विषय काढला. वडिलांची क्रिया केली नाही याचं त्यांना काही वाटत नव्हतं. “पण गेलो नाही. भांडण होईल म्हणून गेलो नाही. तत्त्वाचं नाव पुढे केलं. बाजूला उभं राहायला काय झालं होतं?” हे भावाला सांगायचं होतं, आणि चाळीस वर्षं राहून गेलं होतं.

फोन मीच लावला. भाऊ शुक्रवारी आला. दोघं आत बोलत होते तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला वाटलं, मिटलं सगळं. दोन भावांमधलं मिटलंही होतं. पण त्या भेटीतून भावाने वेगळाच अर्थ नेला: दादाने चूक कबूल केली, म्हणजे दादाचं आता नीट करायला हवं. अण्णांनी माफी न जाण्याची मागितली होती. भावाला ती क्रिया न करण्याची वाटली. तिथेच, त्याच दिवशी, दोघांना पुन्हा बसवून हा फरक स्पष्ट करून घ्यायला हवा होता. अण्णा थकले होते, मी म्हटलं सोमवारी बघू.

सोमवार आला नाही.

रविवार

चतुर्थीला सहा दिवस होते. पहाटे ४.४० ला अण्णा गेले. काकू जाग्या होत्या, मुलगी पायाशी. दम कोंडला नाही. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि पुढचा आला नाही.

आमच्या डॉक्टरांनी घरी येऊन मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४-अ, दिला. नेत्रपेढीला फोन झाला. नेत्रदान सहा तासांच्या आत व्हावं लागतं. पंखा बंद केला, डोक्याखाली दोन उशा दिल्या, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. सव्वासातला दोघे जण आले आणि वीस मिनिटांत काम करून गेले. काकू धीर करून आत गेल्या. चेहरा होता तसाच होता.

मग वैद्यकीय महाविद्यालयाला फोन. वय, कारण, शवविच्छेदन झालंय का, संसर्गजन्य आजार आहे का, आणि शेवटी: अंगावर जखमा आहेत का?

कमरेखाली तळहाताएवढी शय्याव्रणाची जखम होती, हाडापर्यंत गेलेली. तीन आठवडे आम्हीच रोज ड्रेसिंग करत होतो. पार्थिव टिकवण्यासाठी रक्तवाहिन्यांमधून द्राव सोडतात. एवढ्या उघड्या जखमेतून तो गळतो, नीट पोचत नाही. तिकडून नम्रपणे नकार आला. दुसऱ्या महाविद्यालयाने सांगितलं की ठेवून घेऊ, पण घ्यायचं की नाही ते सोमवारी विभागातले ठरवतील. घरात कोणाची त्या अनिश्चिततेची तयारी नव्हती.

जखम आम्हाला माहीत होती. फॉर्मही माहीत होता. या दोन गोष्टी तीन आठवड्यांत एकदाही आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात एकत्र आल्या नाहीत. आणि ‘आगरकर’ पाकिटात ‘देहदान न झाल्यास’ अशी एक ओळही नव्हती.

बारा वर्षांपूर्वी मिटलेला प्रश्न अशा रीतीने सकाळी साडेदहाला पुन्हा उघडला. दहन करायचं, पण कसं?

भाऊ म्हणाला, “माझ्या भावाक तुमी भडाग्नी देतलास?” मंत्राशिवाय दिलेल्या अग्नीला आपल्याकडे भडाग्नी म्हणतात, आणि तो शब्द शिवीसारखा लागतो. मुलीने पाकिटातला कागद पुढे केला. भावाने तो वाचलाही नाही. त्याचा मुद्दा वेगळा होता आणि मला तो अजून टोचतो. “तेचो विश्वास नाय, कबूल. पण सुतक आमकाच ना? सा दिवसांनी माझ्या घरात गणपती येवचो नाय.” त्याचं खरं होतं. अण्णा देव मानत नव्हते, पण त्यांच्या मरणाने भावाच्या घरचा गणपती अडला होता. नास्तिक माणूस एकटा मरत नाही. त्याचे सगळे मानणारे नातलग त्याच्याबरोबर असतात.

मुलगा माझ्याकडे बघत होता. त्या क्षणी मी तो कागद मोठ्याने वाचला असता तर मुलीची बाजू जड झाली असती. मी तसं केलं नाही. काकूंना विचारलं, “तुमच्याशी ते काय बोलले होते?”

काकूंनी ओट्याला हात टेकले. “पिंड नको म्हणालेत. मंत्र नको. गॅसवर न्या. मडकं धरायचं नाही. आणि मी येणार.” त्यांच्या घरातली कुठली बाई आजवर स्मशानात गेली नव्हती.

निघायच्या आधी त्या आत गेल्या आणि अण्णांच्या ओठांत तुळशीचं पान ठेवलं. त्यांनीच गुरुवारी सांगून मागवलेल्या जुडीतलं होतं. मुलगी पुढे झाली. काकू तिला म्हणाल्या, “हे माझं आहे.” मी गप्प राहिले. लिहून ठेवलेल्या इच्छेविरुद्ध होतं का? शब्दशः, हो. आमच्या बैठकीत यावर दोन तास वाद झाला आणि दोन सहकाऱ्यांचं मत अजूनही असं आहे की मी बोलायला हवं होतं.

दुपारी शववाहिनी उड्डाणपुलाखाली अडकली. एका मोठ्या मंडळाच्या गणपतीचं आगमन चाललं होतं. ढोल, ताशा, मोबाइल उंच धरलेली पोरं. कोणीतरी गाडी ओळखली आणि ढोल थांबले. दोन मिनिटांत गर्दीने वाट करून दिली. काचेतून बघताना काकूंनी मूर्तीला हात जोडले. स्मशानात दाराशीच एकाने सवयीने विचारलं, “क्रिया कोण करणार? गोत्र काय?” मुलगा गोंधळला. मुलगी म्हणाली, “क्रिया नाही.” तो माणूस खांदे उडवून बाजूला झाला. दोघा बहीण-भावांनी मिळून ट्रॉली आत ढकलली.

त्यानंतर

राखेचं काय करायचं हेही कोणी ठरवलं नव्हतं. मुलाने ती स्टीलच्या डब्यात आणली आणि त्यातली थोडी, कोणाला न सांगता, काकाला दिली. भावाने गावच्या नदीवर दहावा केला. गणपती त्याने त्या वर्षी माघात आणला.

तेराव्या दिवशी इमारतीच्या हॉलमध्ये लोक जमले. जुने गिरणी कामगार, छापखान्यातले दोघे, मंडळाची पोरं. मंडळाच्या खजिनदाराने १९९८ च्या हिशेबवहीचं एक पान वाचून दाखवलं. अण्णांच्या अक्षरात होतं. शेवटी लिहिलं होतं: ‘शिल्लक रु. ११.५०, पाकिटात ठेवले आहेत.’ रात्री काकूंच्या भजनी मंडळाने भजन केलं. रोज कोणी ना कोणी पिठलं-भात घेऊन येत होतं, काकूंजवळ बसत होतं. भावाने फोनवर सांगितलं की कावळा लगेच शिवला, दर्भाचा करायची वेळ आली नाही. काकू मला म्हणाल्या, “हे असते तर म्हणाले असते, भूक लागली असेल त्याला.”

आम्ही काकूंना तीन वेळा भेटायला गेलो. त्या सावरत होत्या.

मुलीकडे एकदाही गेलो नाही. घरात आलेला प्रत्येक जण आईला भेटत होता. हरिपाठ आईचा, भजन आईचं, सुतक काकाचं. जिने वडिलांचा शब्द राखायची धडपड केली तिच्या हाताला करायला काही नव्हतं. चौथ्या दिवशी ती शाळेत रुजू झाली, कारण घरी बसून काय करायचं तिला कळेना. काकाने दहावा केल्याचं तिला दोन महिन्यांनी चुलत भावाच्या बोलण्यातून कळलं. तेव्हापासून काकाशी बोलणं बंद, भावाशी जेवढ्यास तेवढं.

आता काय बदललं

फॉर्ममधला रकाना आम्ही बदलला. आता विचारतो: ‘अवघड वेळी तुम्हाला कशाचा आधार वाटतो? काही बोलायचं, मिटवायचं राहिलंय का?’ हा प्रश्न देव मानणाऱ्यांनाही जास्त चांगला लागू पडतो असं दिसलं.

देहदानाचा फॉर्म असलेल्या रुग्णाची नवी जखम किंवा संसर्ग नोंदवला की त्याच दिवशी महाविद्यालयाला फोन करून विचारतो. आणि कागदावर दुसरी वाट लिहून घेतो: देहदान झालं नाही तर दहन कुठे, कसं, कोणाच्या हाताने, राख कुठे, त्यानंतर लोक कधी जमणार. यातलं प्रत्येक उत्तर परंपरेत तयार असतं. परंपरा सोडणाऱ्याला ते स्वतः तयार करून ठेवावं लागतं, आणि चांगले विचारी लोकही ‘विधी नको’ एवढ्या दोन शब्दांवर थांबतात.

भावाला मी दोन महिने आधी बोलवायला हवं होतं. तुळशीच्या पानाबद्दल माझं मत बदललेलं नाही.

जानेवारीत मुलगी आमच्या ऑफिसात आली. स्वतःच्या देहदानाचा फॉर्म भरून आणला होता. मागे तिने हाताने बारा ओळी लिहिल्या होत्या. न झाल्यास गॅस. राख शाळेच्या मागच्या जांभळापाशी. आईने काही ठेवलं ओठांत तर ठेवू द्यावं. आणि सगळ्यात खाली: ‘घरी कोणी तरी रोज जेवण घेऊन यावं.’ जवळच्या नातलगांच्या दोन सह्यांपैकी एक भावाची घ्यायची होती. दुसऱ्या जागी काकाचं नाव होतं, पेन्सिलीने.